पाणथळीचा तोल आणि प्रतिसादी कला

जळगाव जिल्ह्यात तापी नदीवर १९८२ साली पूर्ण झालेले हतनूर धरण सिंचन व पाणीपुरवठ्यासाठी बांधण्यात आले. तापी-पूर्णेच्या पुरांनी आणलेला गाळ जलाशयात साचत गेला. उथळ पाण्यात पाणवनस्पती रुजल्या आणि हिवाळ्यात उत्तरेकडील स्थलांतरित पक्षी येथे उतरू लागले. धरणासोबत अशी एक पाणथळही आकारास आली.

बाहेरचा व्यत्यय

पाणथळीत प्रत्येक जीव दुसऱ्यावर विसंबून असतो. शेतातील खते पाण्यात उतरली की शेवाळ व जलपर्णी माजते. ती कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात. विसावलेला थवा वारंवार उडविला गेल्यास परतीच्या प्रवासासाठी साठवावयाची चरबी व्यर्थ जाते. हे सारे सावकाश घडत असल्याने सहसा नजरेस येत नाही.

कलेचे साहाय्य

ही अदृश्य साखळी संगणकाधारित प्रतिसादी कला डोळ्यांसमोर आणू शकते. ख्रिस्ता सोमेरर व लॉराँ मिन्योनो यांच्या १९९४ मधील ‘ए-व्हॉल्व्ह’ या कलाकृतीत पाण्याने भरलेल्या काचेच्या कुंडात संगणकनिर्मित जीव पोहताना दिसतात. प्रेक्षकाने हात आडवा धरला तर भक्ष्य वाचते, पण भक्षकाचा घास हुकतो. ‘टीमलॅब’ या जपानी कलासमूहाच्या टोकियोतील कलाकृतीत पाण्यातून चालणाऱ्या माणसावर आदळताच प्रकाशाचे मासे फुले होऊन विखुरतात. आपल्या प्रत्येक हालचालीचा परिणाम प्रेक्षकास तत्काळ दिसतो.

स्थानिकांची जबाबदारी

१९७१ चा रामसर करार मानवनिर्मित पाणथळींनाही पाणथळ मानतो. मात्र केंद्र शासनाच्या २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत सिंचनासाठी वा पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलाशय येत नाहीत. त्यामुळे हतनूर असो वा धुळे शहरालगतचा नकाणे तलाव, तेथील जीवसृष्टीचे रक्षण बव्हंशी स्थानिकांच्या जागरूकतेवर अवलंबून राहते. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये स्थापन होणाऱ्या ग्रामपंचायतींच्या समित्यांनी आपल्या नोंदवहीत पक्षी, मासे व पाणवनस्पती यांची नियमित नोंद ठेवणे अगत्याचे आहे.

शाळांना यासाठी महागडी यंत्रे नकोत. अंगणात खडूने तलाव आखावा, विद्यार्थ्यांनी मासा, शेवाळ, बगळा, कोळी व शेतकरी व्हावे आणि एकाच दोरीने परस्परांशी जोडले जावे. एकाने दोरी ओढताच सर्वांच्या हातांना हिसका बसतो. पाणथळीचा तोल कसा ढळतो, याचा हा साधा पण कायम लक्षात राहणारा पाठ होय.