लाल काच, काळं आकाश

१० एप्रिल १९२७. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीत छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स जड कॅमेरा पाठीवर घेऊन बर्फातून चढले होते. समोर हाफ डोमचा उभा कडा, आणि काचेच्या प्लेटा उरलेल्या फक्त दोन. पहिली त्यांनी पिवळ्या फिल्टरमधून टिपली. लगेच जाणवलं, आकाश फिकंच येणार. मग गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा प्रकाश अडवते. म्हणून निळं आकाश छायाचित्रात जवळजवळ काळं उतरतं, उन्हातला बर्फ मात्र लखलखतो. प्रकाश घटल्यामुळे शटर पाच सेकंद उघडं ठेवावं लागलं. चित्र आधी मनात पाहायचं, मगच टिपायचं! या कामातलं सर्वांत अवघड मला हेच वाटतं. ‘मोनोलिथ’ हे त्यांचं गाजलेलं छायाचित्र त्या शेवटच्या प्लेटवरचं आहे.