पंतप्रधानबाईंचा नवरा

‘बोर्गन’ ही डॅनिश मालिका २०१० साली सुरू झाली. कोपनहेगनच्या ज्या ख्रिश्चन्सबोर्ग राजवाड्यात संसद भरते, त्याचं हे लोकांच्या तोंडी रुळलेलं नाव. मालिकेतली बिर्गिटे न्यूबोर्ग पंतप्रधान होते (खऱ्या डेन्मार्कला पहिली महिला पंतप्रधान २०११ मध्ये मिळाली!) आणि पाहणाऱ्यांत दोन तट पडतात. भांडण राजकारणावरून नव्हे, नवऱ्यावरून.

तिची राजकारणाची पाळी म्हणून फिलिप घर आणि मुलं सांभाळतो. पुढे त्याला मनाजोगती मोठी नोकरी मिळते. पण कंपनीचे हितसंबंध सरकारच्या लढाऊ विमानांच्या खरेदीत गुंतलेले. बायकोच ती सोडायला लावते. संसार मोडतो. ‘एवढंही सोसेना याला?’ म्हणतो एक पक्ष. ‘बाईच्या डोक्यात खुर्ची गेली,’ म्हणतो दुसरा.

पंतप्रधान म्हणून तिचा निर्णय बिनचूक होता, असं माझं मत. पण घरात तो हुकमासारखा आला. अर्थात पंतप्रधान पुरुष असता आणि नोकरी बायकोने सोडली असती, तर त्यात कुणाला नाट्य दिसलं असतं?

आमच्याकडे सौभाग्यवती फिलिपच्या बाजूने, सूनबाई बिर्गिटेच्या. चिरंजीव मुकाट्याने जेवत होते.