अतिदूरस्थ तेजस्वी दीर्घिका व त्यांच्या अंतराचा निश्चय

आकाशातील एखादा अंधुक ठिपका किती दूरचा आहे, हे त्याच्या अंधुकपणावरून ठरत नाही. जवळची क्षीण दीर्घिका आणि दूरची तेजस्वी दीर्घिका छायाचित्रात सारखीच दिसू शकते. विश्वाच्या बाल्यावस्थेतील दीर्घिकांचे संशोधन हे म्हणूनच प्रथमतः ताम्रच्युतीच्या निश्चितीचे काम होय.

या कामी हायड्रोजन साहाय्यभूत होतो. आरंभीच्या विश्वात उदासीन हायड्रोजन विपुल होता. दीर्घिकेच्या प्रकाशातील १२१६ अँगस्ट्रॉमहून कमी तरंगलांबीचा भाग तो जवळजवळ संपूर्ण शोषून घेई. त्यामुळे वर्णपटात एक तुटलेला कडा निर्माण होतो. विश्वाच्या प्रसरणाने तरंगलांबी ताम्रच्युतीहून एकाने अधिक पट वाढते. ताम्रच्युती १४ असल्यास हा कडा १.८ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे अवरक्त विभागात, येतो. डिसेंबर २०२१ मध्ये अवकाशात गेलेल्या, ६.५ मीटर व्यासाच्या आरशाच्या जेम्स वेब दुर्बिणीचे महत्त्व येथे आहे. एखादी दीर्घिका लघुतरंगी फिल्टरमध्ये अदृश्य व दीर्घतरंगी फिल्टरमध्ये स्पष्ट असेल, तर ती दूरस्थ असावी असे अनुमान निघते.

परंतु हे अनुमानच होय. २०२२ मध्ये सिअर्स-९३३१६ या दीर्घिकेची ताम्रच्युती याच रीतीने १६ च्या वर काढण्यात आली. तिचा वर्णपट घेतल्यावर मात्र ती ४.९ ठरली. धूलिकणांनी तिचा लघुतरंगी प्रकाश अडविला होता. शिवाय ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या प्रखर उत्सर्जन-रेषा नेमक्या २.९५ व ३.८७ मायक्रॉनजवळ येऊन पडल्याने दीर्घतरंगी फिल्टरमधील तेज फुगले होते. विश्वारंभानंतर सुमारे २३ कोटी वर्षांची मानलेली वस्तू सुमारे १२० कोटी वर्षांनंतरची निघाली. फिल्टरांच्या संचाने याहून चांगली फसवणूक क्वचितच केली असेल!

जेड्स-जीएस-झेड१४-० हिच्याविषयीही असाच संशय होता. ती अपेक्षेहून फारच तेजस्वी होती आणि तिला अगदी लगटून एक जवळची दीर्घिका दिसत होती. जानेवारी २०२४ मध्ये सुमारे दहा तास घेतलेल्या वर्णपटात तो कडा निःसंदिग्ध दिसला व ताम्रच्युती १४.३२ आली. पुढे चिलीमधील अल्मा रेडिओ-दुर्बिणीला आयनीभूत ऑक्सिजनची ८८ मायक्रॉनची रेषा १.३४ मिलिमीटरवर सापडली. रेषेचे मापन कड्याच्या मापनाहून कितीतरी सूक्ष्म, त्यावरून १४.१८ हा आकडा २०२५ मध्ये स्थिर झाला. विश्व तेव्हा सुमारे ३० कोटी वर्षांचे होते.

अंतर निश्चित होताच तेजाचा प्रश्न अधिकच बिकट होतो. मध्यवर्ती कृष्णविवराभोवतीच्या वायूचे हे तेज म्हणावे, तर प्रकाशाचा उगम एका बिंदूत एकवटलेला नसून सुमारे १६०० प्रकाशवर्षे व्यासाच्या प्रदेशात पसरलेला आहे. तेव्हा ते बव्हंशी ताऱ्यांचेच असले पाहिजे. तारानिर्मिती अत्यंत कार्यक्षम होती, ती उसळ्या घेत झाली, धूलिकण अल्प होते, की आरंभीच्या ताऱ्यांत महाकाय ताऱ्यांचे प्रमाण अधिक होते, याविषयी मतभेद आहेत. २०२५ मध्ये १४.४४ ताम्रच्युतीची आणखी एक तेजस्वी दीर्घिका आढळल्याने पहिलीला अपवाद म्हणून बाजूस सारणेही कठीण झाले. या वादात ऑक्सिजनची साक्ष विशेष मोलाची आहे. कारण महास्फोटात ऑक्सिजन निर्माण झाला नव्हता. जेड्स-जीएस-झेड१४-० चा प्रकाश निघाला त्यापूर्वीच तेथे महाकाय ताऱ्यांची निदान एक पिढी जन्मून नष्ट झाली होती.