तांबे, यकृत आणि पालटलेला स्वभाव

लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या रुग्णालयात काम करणाऱ्या किनियर विल्सन यांचा दोनशेहून अधिक पानांचा निबंध १९१२ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात आला. ऐन तारुण्यात हातपाय थरथरतात, ताठरतात, जीभ जड होते, लाळ गळते. शवविच्छेदनात मेंदूच्या आतली केंद्रके पोखरलेली आणि यकृत गाठाळलेले दिसते. तोच आज विल्सनचा आजार. स्वतः पाहिलेले आणि इतरांच्या नोंदींतून घेतलेले असे बारा रुग्ण त्यांनी मांडले. त्यांपैकी आठ जणांत मानसिक लक्षणेही होती : विनाकारण हसू, पोरकटपणा, घडीघडीला पालटणारा मूड. पण निबंधाचा सारा भर हालचालींच्या बिघाडावर होता, आणि पुढची कित्येक वर्षे वाचणाऱ्यांनीही तेवढेच उचलले.

कारणाचा शोध तर त्याहून रखडला. डोळ्याच्या बुबुळाभोवतीचे तपकिरी-हिरवट कडे कायसर आणि फ्लायशर यांनी १९०२-०३ मध्येच नोंदवले होते. यकृतात तांबे जास्त असल्याचे रुम्पेल यांनी १९१३ साली दाखवले, तरी कोणी फारसे मनावर घेतले नाही. मेंदू आणि यकृत दोन्हींत तांबे साचते हे कमिंग्ज यांनी १९४८ मध्ये पटवून दिले, तेव्हा कुठे चक्रे फिरली. चार वर्षांनी, रक्तात तांबे वाहणारे सेरुलोप्लाझ्मिन या रुग्णांत कमी असते हे कळले. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन आणले. तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढणारे हे औषध त्यांनी आधी स्वतः घेऊन पाहिले, मगच रुग्णाला दिले. सदोष जनुक मात्र १९९३ मध्ये सापडले.

आपल्याकडची नोंदही जुनी आहे. मुंबईत दराब दस्तूर, नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी १६ कुटुंबांचा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध केला. आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच हा आजार होतो. त्यामुळे मामे-आतेभावंडांत लग्ने होणाऱ्या घरांत त्याची शक्यता वाढते. (तांब्या-पितळेच्या भांड्यांचा प्रश्न वेगळा. पुण्याच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात त्यांचा संबंध तान्ह्या मुलांच्या यकृतविकाराशी जोडला होता. विल्सनच्या रुग्णाला तांब्याच्या भांड्यातले पाणी वर्ज्यच, पण आजार त्या भांड्याने होत नाही.)

मानसिक लक्षणांकडे गांभीर्याने पाहणारा मोठा अभ्यास यायला १९८९ साल उजाडले. केंब्रिजच्या १९५ रुग्णांच्या कागदपत्रांतून डेनिंग आणि बेरिओस यांनी दाखवले की रुग्णालयात दाखल होताना जवळजवळ निम्म्यांत काही ना काही मानसिक लक्षण होते : चिडचिड, विसंगत वागणे, नैराश्य. निदानापूर्वीच सुमारे पाचव्या हिश्श्याने मानसोपचारतज्ज्ञाचे दार ठोठावले होते. म्हणजे आधी मानसोपचार आणि नंतर तांबे, असा उलटा प्रवास अनेकांच्या वाट्याला आला.

यात डॉक्टरांनाच धारेवर धरणे सोपे आहे. पण हुशार मुलगा अचानक उद्धट होतो, अक्षर बिघडते, मार्क घसरतात, तेव्हा घरचे ‘वय आहे’ म्हणतात, शिक्षक ‘लक्ष नाही’ म्हणतात, शेजारी ‘बाहेरचं काही’ सुचवतात. यकृताचा विचार कोण करणार? त्यात मनोविकारावरची काही औषधे या रुग्णांत हातपाय आणखी ताठ करतात, आणि तो ताठरपणा औषधाचाच म्हणून सोडून दिला जातो.

उलगडा तसा महागडा नाही : स्लिट लॅम्पने डोळे पाहणे, सेरुलोप्लाझ्मिन मोजणे, चोवीस तासांच्या लघवीतले तांबे. एकच चाचणी ठीक आली म्हणून विषय संपत नाही, कारण डोळ्यांतले कडे सगळ्यांत नसते. निदान झाले तर औषध आयुष्यभर चालते. तांबे उतरले की स्वभावही बऱ्याचदा सावरतो, पण सगळ्यांचा नाही, आणि सुरुवातीला काहींची प्रकृती उलट ढासळते. सख्ख्या भावंडांत प्रत्येकाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक. म्हणून त्यांचीही तपासणी, लक्षण नसले तरी.