रुळाचा सांधा



गौलीगुड्यापासून काचीगुडा स्टेशन जवळ. तेथून मनमाडच्या गाडीने नांदेड, परभणी, जालन्याकडे जाणारी मराठी कुटुंबे आमच्या वस्तीत पुष्कळ. पूर्वी प्रवासात चाकांचा खडखड असा ठेका सतत ऐकू येई. आता तो बराच ओसरला आहे; कारण रुळांची टोके पट्ट्यांनी न जोडता एकजीव करतात. मार्गावर जागच्या जागी केलेल्या अशा सांध्यांतील लोखंड कोठून येते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये लालबुंद पोलाद लाटताना हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होतो, काळी खपली धरते आणि गळून पडते. कोणत्याही पोलाद कारखान्यातला हा केरच. परंतु ही खपली म्हणजे प्राणवायूने बांधलेले लोखंड होय. अशा बंधनातून ते सोडवून थेट कामास लावण्याची युक्ती हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनज्ञाने १८९५ साली पुढे आणली. अॅल्युमिनियमला प्राणवायूची ओढ लोखंडाहून अधिक. दोहोंची पूड मिसळून पेटविली की अॅल्युमिनियम प्राणवायू ओढून घेते, लोखंड मोकळे होते आणि उष्णता सुमारे २५०० अंशांपर्यंत चढते.

रुळांच्या दोन टोकांत सुमारे २५ मिलिमीटर फट ठेवून भोवती वाळूचा साचा बसवितात व टोके तापवितात. वर मुशीत मिश्रण पेटते. हलकी मळी तरंगते. जड, वितळलेले लोखंड तळातून फटीत उतरते. काही क्षणांचाच हा खेळ.

तथापि त्यामागची सिद्धता मोठी आहे. खपलीत प्राणवायू कमी असेल तर उष्णता अपुरी पडते, म्हणून ती आधी भाजून घेतात. पूर्ण भाजलेल्या खपलीच्या १६० भागांस अॅल्युमिनियम ५४ भाग लागते व लोखंड ११२ भाग मिळते. मिश्रणात किंवा साच्यात ओल राहिली तर वाफेचा स्फोट होऊ शकतो, किंवा सांध्यात पोकळी राहते. डोळ्यांस न दिसणारी ती पोकळी पुढे तडा होते. म्हणून सांधा ध्वनिलहरींनी तपासतात.

रासायनिक समीकरण तोलावयाचे कशाला, असे वर्गात मुले मला विचारतात. मी त्यांना काचीगुड्याची गाडी दाखवितो. त्या तोलावर आपलीच माणसे रात्री निर्धास्त झोपून प्रवास करीत असतात.