दाबोळीतले अठरा सिलिंडर

पंढरपूरहून गोव्याला जाणाऱ्यांनी दाबोळीचे नौदल हवाई संग्रहालय आवर्जून पाहावे. तिथले ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ म्हणजे एअर इंडियाचे ‘रानी ऑफ एलोरा’. पुढे हवाई दलात आणि मग नौदलात जाऊन त्याने समुद्रावर टेहळणी केली.

त्याची राइट आर-3350 जातीची चार इंजिने नीट निरखावीत. भीमाकाठच्या जुन्या डिझेल पंपाला सिलिंडर एक. इथे एकेका इंजिनाला अठरा, नऊ-नऊच्या दोन रांगांत, क्षमता सुमारे 55 लिटर. अडचण मागच्या रांगेची. थंड हवा तिथवर नीट पोहोचत नसे, मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळत. 1944 मध्ये खरगपूरच्या उन्हाळ्यात बी-29 बॉम्बरना याच जातीच्या इंजिनांनी छळले. मॅग्नेशियमच्या भागांनी पेट घेतला की आग विझता विझत नसे.

बंद इंजिनातले तेल खालच्या सिलिंडरांत झिरपून साठे. तेल दाबले जात नाही. तसेच इंजिन सुरू केले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी प्रोपेलर सावकाश फिरवून तो कुठे अडत नाही ना, हे पाहत. सिलिंडरला दोन, म्हणजे विमानाला 144 स्पार्क प्लग! हे सगळे सांभाळणाऱ्या मेकॅनिकांचे श्रेय मला वैमानिकांइतकेच मोठे वाटते.

एक्झॉस्टच्या वायूवर फिरणारी तीन टर्बाइने प्रत्येक इंजिनाला जोडल्यावर वाया जाणारी शक्ती परत मिळाली, पण बिघाडाच्या जागाही वाढल्या. 1960 मध्ये एअर इंडियाकडे बोइंग 707 आले. त्याच्या जेट इंजिनांत पिस्टनच नव्हते.