दृश्यसंकलनाची साधने आणि देवनागरी

खांब येथील एखाद्या संकलकाने पेणच्या गणपतींवरील चित्रफितीस ‘मूर्ती’ असे शीर्षक द्यावयाचे म्हटले, तर पूर्वी संगणकाच्या पडद्यावर रफार ‘ती’वर चढतच नसे, पाय मोडलेला ‘र’ तसाच उभा राही. ‘किनारा’ लिहिल्यास पहिली वेलांटी ‘क’च्या पुढे न येता मागे पडे.

याचे कारण असे. युनिकोडमध्ये (पहिली आवृत्ती १९९१) वर्ण उच्चारक्रमाने साठविले जातात; दृश्यक्रम सिद्ध करण्यास अक्षरजुळणीची निराळी यंत्रणा लागते. रोमन लिपीचे तिच्यावाचून फारसे अडत नाही. म्हणून संकलकांनी पळवाट काढली: शीर्षकाचे चित्रच अन्यत्र तयार करून चिकटवावयाचे. अशा चित्रातील ऱ्हस्वदीर्घही मग जागच्या जागी सुधारता येत नाही. शिवाय पळवाट रूढ झाली की तक्रार मुकी होते, आणि मुक्या तक्रारीस निर्माता उत्तर देत नाही.

याउलट, जून २०११ मध्ये ‘फायनल कट प्रो एक्स’मधून अनेक कॅमेऱ्यांचे एकत्र संकलन करण्याची सोय वगळली गेली, तेव्हा व्यावसायिकांनी गदारोळ केला, जानेवारी २०१२ मध्ये ती सोय परत आली. ‘प्रीमियर प्रो’मध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठी पर्याय आला खरा, पण तो वापरणाऱ्याने पसंतीक्रमांत शोधून लावावा लागे.

नवे साधन पारखताना ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द शेजारी शेजारी लिहून पाहावेत. दोन्ही सारखेच उमटले, तर निर्मात्यास तसे कळवावे.